मुत्तूचे कान आणि माझं तोंड

३१ डिसेंबर, मंगळवार

काल येळवस, म्हणजे वेळ अमावास्या झाली. शेतात कडब्याच्या खोपीत पूजा केली, भज्जी, भाकरी, अंबिल सगळं पोटभर झालं, आणि त्या गार वाऱ्यात पोराचा कान पुन्हा वाहायला लागला. मी आदल्या दिवशीच म्हणलं होतं, कानटोपी घाला. सुनेनं घातली, ती बी गुलाबी, जाळीची. जाळीतून वारं जात नाही हे वाऱ्याला कुणी शिकवलंय?

ही डायरी सोसायटीनं मालकांना फुकट दिली. मालक म्हणजे आमचे शरणप्पा. इथं कर्नाटकात, हुलसुरात त्यांचं मंडप आणि लाऊडस्पीकरचं दुकान आहे. डायरी माझ्या पुढ्यात टाकून म्हणाले, "गुरुबाई, दिवसभर तुझं तोंड चालतंय, त्यातलं निम्मं ह्यात लिही. घरात जरा शांतता व्हईल." टोमणा होता. पण मी लिहिणार. शाळा चौथीपर्यंतच झाली, माहेरी निलंग्याकडं, मराठीत. तरी अक्षर सुनेपेक्षा बरं आहे, आणि ती बी.एड. आहे, शाळेत शिकवते.

पोरगं म्हणजे माझा नातू, मृत्युंजय. आम्ही मुत्तू म्हणतो. दोन वर्षं होऊन गेली. कान फुटतो, डॉक्टरचं गुलाबी औषध चालू होतं, कान सुकतो, आम्ही सुस्कारा सोडतो, तेवढ्यात दुसरा कान फुटतो. आडवं केलं की किंचाळतं. उभं धरून खांद्याला लावलं तरच झोपतं. म्हणून घरातलं एकेक माणूस पाळीपाळीनं भिंत झालं आहे. मला भिंत व्हायला जमत नाही, कंबर धरते. मी सरळ आडवं पाडून दुधाची बाटली तोंडात देते. दूध उतरेपर्यंत तरी गप राहतं. आणि लसूण घालून कडकडवलेल्या करडीच्या तेलाचे दोन थेंब कानात. हे सुनेला सांगायचं नाही.

आणखी एक. पोरगं अजून एक शब्द बोलत नाही. गल्लीतली त्याच्या वयाची पोरं शिव्या द्यायला लागली, आमचं अजून अव्वा, म्हणजे आई, एवढं बी म्हणत नाही.

५ जानेवारी, रविवार

झोप नसली की माणूस काय करतं ते अमरेशनं आज दाखवलं. अमरेश माझा लेक, बापाच्याच दुकानात आहे. पहाटे मंडप घालायला गेला तो लग्नघर सोडून शेजारच्या गल्लीत, जिथं म्हातारा वारलाय त्या दारात. झालर लावली, कमान लावली, कमानीवर लखलख करणारं "वधूवरांस शुभाशीर्वाद". वर सनईची कॅसेट लावून दिली आणि खुर्चीत बसून तिथंच झोपला.

मालक धावत गेले पाया पडायला. ती विधवा बाई म्हणाली, "राहू द्या वो शरणप्पा, पाहुण्यांना सावली झाली. सनई तेवढी बंद करा, यांना कधी आवडत नव्हती."

लग्नघरच्यांनी मात्र मालकांच्या घराण्याचा उद्धार केला. मालक घरी येऊन मुत्तूकडं बघत उभे राहिले. तो स्वयंपाकघरात बसून माझा तांदळाचा डबा उलटा करत होता. मी मागून ओरडले, "ठेव तो डबा!" ऐकलं नाही. हाताला धरून उचलावं लागलं. असलं हट्टी पोरगं मी बघितलं नाही. माझ्यावर गेलंय असं मालक म्हणतात.

१२ जानेवारी, रविवार

आज घरात बैठक झाली. सुनेची आई, चंद्रम्मा, जेवरगीहून फोनच्या पडद्यावर बसली होती. फोन पाण्याच्या घागरीला टेकवून ठेवला होता, त्यामुळं विहीणबाईंची हनुवटीच दिसत होती.

शैलश्री म्हणजे माझी सून. ती म्हणाली, "अत्ती, राग धरू नका. तुम्ही मराठी बोलता, मी कन्नड बोलते. मामंजी गिऱ्हाइकाशी हिंदी बोलतात. बाळाचं डोकं गोंधळून गेलंय. कुठल्या भाषेत बोलावं ते त्याला कळंना, म्हणून बोलंना."

"अमरेश दोन्हीत वाढलाय की," मी म्हणलं.

"आन् माझं बघ की अव्वा," अमरेश म्हणाला, "अजून कुठं काय बोलावं मला कळत न्हाई."

मालक हसले. मी बघितल्यावर थांबले.

हनुवटी बोलली. जेवरगीत त्यांच्या शेजारच्या पोराचं असंच झालं होतं. एकच भाषा ठेवली तर महिन्यात शाळेतली प्रार्थना म्हणायला लागलं.

तर ठरलं असं. पोरासमोर कन्नडच बोलायचं. कन्नड शाळेतच घालायचं आहे. पाडव्यापर्यंत बघायचं. बोलला तर बोलला, नाहीतर शैलश्री त्याला घेऊन जेवरगीला जाणार, तिथल्या शाळेत नोकरी धरणार. तिथं घरभर एकच भाषा.

जेवरगीला गेलं म्हणजे पोरगं गेलंच. सणाला पाहुण्यासारखं येणार, मला बघून आईच्या मागं लपणार, आणि मी फराळाचं ताट घेऊन "ये रे, मी कोण?" म्हणत दात काढत उभी राहणार. आमच्या जावेचं झालंय तसं. मी असलं करणार नाही.

म्हणून मी कबूल झाले. कन्नड तर कन्नड.

१६ जानेवारी, गुरुवार

माझं कन्नड मी बाजारात आणि मंडप बांधणाऱ्या गड्यांकडून शिकले. त्यात भाव पाडता येतो, उचला-ठेवा सांगता येतं, आणि शिव्या तर अशा येतात की गडी खांबावरून उतरतो. पण माझ्या कन्नडात माया नाही. शिकताना लागलीच नव्हती.

"बा इल्लि," मी पोराला म्हणते. इकडं ये. तो येत नाही.

शैलश्री म्हणते, "अत्ती, तुम्ही बा इल्लि म्हणलात की मलाच भ्या वाटतं. पाकीटमाराला बोलावल्यासारखं बोलायलात."

मग हळू म्हणून बघितलं. तरी येत नाही. हळू तर मुळीच येत नाही.

कान परत सुरू. आज डावा. तेलाचे थेंब घातले. बाटली पाजायला आज माझीच पाळी होती.

१९ जानेवारी, रविवार

पुन्हा बैठक. पुन्हा हनुवटी.

निकाल: पोरगं बोलत नाही ह्याला कारण माझं कन्नड. ते कन्नडासारखं दिसतं पण आतून मराठी आहे, त्यामुळं गोंधळ दुप्पट झाला, असं सुनेचं म्हणणं. तर मी पोरासमोर कुठल्याच भाषेत बोलायचं नाही. गप बसायचं.

मला! माझ्या घरात!

"किती दिवस?" मी विचारलं.

"पाडव्यापर्यंत," शैलश्री म्हणाली. ती मान खाली घालून म्हणाली, हे लिहिलं पाहिजे.

मालकांचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. चतुर्थीला गणपतीच्या डेकोरेशनची ऑर्डर मिळाली की होतं तसं.

पोरगं दिवसभर माझ्या पायातच असतं, म्हणजे दिवसभर गप. आजपासून जे बोलायचं ते ह्या डायरीत. सुरुवात करते. सुनेनं केलेल्या वरणात पाणी होतं, वरण नव्हतं.

२३ जानेवारी, गुरुवार

गप बसून डोकं दुखायलंय. शब्द घशात येऊन बसतात, उचकी लागल्यासारखं होतं. काल मालक चहात साखर टाकत होते आणि टाकतच होते. मला बोलता येईना. टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं शाबासकी. आणखी टाकली.

पण एक गंमत झाली. पोरासमोर बोलायचं नाही म्हणून मी हातानं सांगायला लागले. तोंडाकडं बोटं नेली, म्हणजे जेव. तळहात गालाला लावला, म्हणजे झोप. बोट हलवलं, म्हणजे फटका बसंल. आणि काय सांगू, पोरगं सगळं ऐकतंय! येतंय, बसतंय, डबा ठेवतंय. कालच्या दिवसात त्यानं माझं जेवढं ऐकलं तेवढं मालकांनी लग्नापासून ऐकलं नसेल.

म्हणजे शैलश्रीचं खरं होतं म्हणायचं. पोराला भाषेचाच त्रास होता. भाषा काढून टाकली, पोरगं सुधारलं.

तिला सांगणार नाही.

२७ जानेवारी, सोमवार

आज सकाळी शेजारची निलम्मा नारळ घेऊन आली आणि माझ्या पाया पडली.

मी बघतच राहिले. आम्हा दोघींचं नळाच्या पाण्यावरून दोन वर्षं जमत नाही. ती म्हणाली, "अक्का, आमाला माहीतच न्हवतं. तुमी मौन धरलाव म्हणं. नातवासाठी. पाडव्यापातूर."

मी नाही नाही म्हणून हात हलवला. तिला वाटलं आशीर्वाद. पोरगं शेजारीच बसलं होतं, बोलणार कसं?

"अक्कासारख्या बाईनं मौन धरणं म्हणजे काय साधी गोष्ट हाय का," ती मागं वळून गल्लीतल्या दोघींना सांगत होती. "दुसऱ्या कुणी धरलं असतं तर एवढं वाटलं नसतं."

दुपारपर्यंत आणखी नारळ आले. एकीनं विचारलं, म्हैस विकू का ठेवू? माझ्या नाकावर माशी बसली होती, ती मी हाकलली. "इकू म्हणाल्या," असं सांगत ती पळतच गेली.

म्हैस चांगलं दूध देत होती. संध्याकाळी तिचा नवरा येऊन ओट्यासमोर बराच वेळ उभा राहिला. मी आतल्या खोलीतून बाहेर आले नाही.

२ फेब्रुवारी, रविवार

मालकांना नारळांचा उपयोग सापडला. मंडपाच्या पूजेला विकत आणायची गरज नाही.

अमरेश म्हणतो, "अव्वा, पाडव्यानंतर बी असंच चालू ठेव." मी पोराला दाखवायचं बोट त्याला दाखवलं.

शैलश्री मात्र कोमेजली आहे. शाळेतून आली की पोराला मांडीवर घेऊन कन्नडात बोलत बसते. काऊ, चिऊ, चंदामामा, सगळं. पोरगं तिच्या ओठांकडं टक लावून बघतं. एवढं बघतं की तिनं बोलता बोलता तोंड फिरवलं तर हनुवटीला धरून परत आपल्याकडं करतं. बोलत मात्र नाही. आज मोरीत तोंड धुताना तिनं नळ बराच वेळ चालू ठेवला होता. पाण्याची नासाडी म्हणून मी ओरडायला गेले, आणि तिथं गेल्यावर कळलं ती रडायलीय. पोरगं झोपलेलं होतं, म्हणजे मला बोलायची मुभा होती. मी नळ बंद केला आणि आले.

१० फेब्रुवारी, सोमवार

मालकांनी नवीन स्पीकरचे डबे आणले, पुरुषभर उंच. जत्रेची ऑर्डर आहे. आज दुकानासमोर लावून बघितले. "हॅलो, मायक टेस्टिंग" असं अमरेश म्हणाला आणि देवळाच्या पिंपळावरचे सगळे कावळे उडाले. निलम्माच्या दारातली शेळी दावं तोडून पळाली. चहावाल्याच्या हातातली किटली पडली. मी स्वतः ओट्यावर बसलेली उभी राहिले.

आणि आमचं मुत्तू? स्पीकरकडं पाठ करून, हातभर अंतरावर, मातीत काडी फिरवत बसलं होतं. मान सुद्धा वळवली नाही! सगळी माणसं कौतुकानं बघत राहिली. "काय धीराचं लेकरू वो," चहावाला म्हणाला. माझी छाती अशी फुगली म्हणता. कशालाच भीत नाही. वीरशैवाचं पोर आहे ते.

मग अमरेशनं गाणं लावलं, धडधड करणारं. तेव्हा मात्र पोरगं उठलं, डब्याला गाल लावून उभं राहिलं आणि हसत हसत तिथंच झोपून गेलं. उभ्यानं. घरात टाचणी पडली नाही तरी किंचाळत उठणारं पोर त्या गोंधळात घोरत होतं. मालक म्हणाले, मंडपवाल्याचा वारस आहे, ह्याला हीच अंगाई.

आता दुपारच्या झोपेची सोय झाली. रोज दुकानात नेऊन डब्याला टेकवायचं. गल्लीतली बाकीची माणसं दुपारची झोपेनात, पण त्यांच्या झोपेचं मी काय करू?

१७ फेब्रुवारी, सोमवार

आज अक्षर वाकडं येईल.

सकाळी पोरगं रस्त्यात बसून चिंचोके वेचत होतं. मी ओट्यावर शेंगा फोडत होते. पाण्याचा टँकर गल्लीत मागं मागं येत होता. मागं येताना तो गाणं वाजवतो, मोठ्ठं. सगळी गल्ली बाजूला होते त्या गाण्यानं. पोरगं उठेना. मी हात केला, तर त्याची पाठ माझ्याकडं.

"मुत्तू!" मी ओरडले. वळला नाही.

"मुत्तू, बा इल्लि!" वळला नाही.

"अरे हट! इधर आ रे!" हे तर रिक्षावाल्यांशी बोलायचं, ते बी ओरडले. तिन्ही भाषा झाल्या. चौथी येत असती तर तीही ओरडले असते. पोरगं चिंचोके मोजल्यासारखं करत बसलेलं, आणि टँकरचं चाक त्याच्या अंगावर येऊन उभं राहिलं. ड्रायव्हरला आरशात मी दिसले, म्हणून थांबला. एवढंच. मी दिसले म्हणून.

मी पळत जाऊन उचललं तेव्हा चाकाची गरमी त्याच्या पाठीला लागत होती. मी त्याच्या तोंडासमोर ओरडत होते, काय ओरडत होते आठवत नाही. तो माझ्या तोंडाकडं बघून हसत होता. इतक्या दिवसांनी अज्जीचं तोंड हललं म्हणून.

आणि निलम्मा कपाळाला हात लावून मागं उभी! "अक्का! मौन मोडलं की वो!"

"मसणात गेलं तुझं मौन," मी म्हणलं. फार बरं वाटलं.

मग मी त्याला ओट्यावर बसवलं, मागं उभी राहिले आणि पितळी ताट दगडावर आपटलं. निलम्मा दचकली, ड्रायव्हर दचकला. पोरगं चिंचोके चाटत होतं.

दुपारी सगळे जमले. शैलश्री शाळेतून अर्ध्यावर आली. पोराच्या पाठीमागं आम्ही सगळी उभी राहिलो. मालकांनी शिट्टी फुंकली, अमरेशनं डबा बडवला, निलम्मानं घरातला शंख आणला, चहावाला किटली वाजवायला लागला. रस्त्यानं जाणाऱ्यांना वाटलं कसली तरी मिरवणूक निघायलीय, ती बी थांबली. एवढी माणसं जिवाच्या आकांतानं वाजवायलीत, आणि पोरगं पुढं बघत शांत बसलेलं. शेवटी मालकांनी मोठा डबा लावला, धडधड झाली, तेव्हा त्यानं जमिनीवर हात ठेवला आणि वळून डब्याकडं बघितलं.

कानानं नाही. हातानं ऐकत होतं.

शैलश्री खालीच बसली. मी तिला म्हणलं, "ऊठ. बिदरला जायचंय." मराठीतच म्हणलं.

१९ फेब्रुवारी, बुधवार

बिदरच्या कानाच्या डॉक्टरीणबाई बारीक आहेत, पण आवाज माझ्यासारखा. मुत्तूच्या कानात नळीतून बघितलं, मग कसलं तरी यंत्र लावलं. म्हणाल्या, पडद्यामागं चिकट पाणी साठलंय, डिंकासारखं. कान सारखा पिकून पिकून. पोराला आपलं बोलणं विहिरीत बुडी मारल्यावर वरचं ऐकू यावं तेवढंच येतं. बोलणार कसं?

"कानात काय काय घालता?" त्यांनी विचारलं.

मीच आधी सांगितलं, लसणाचं तेल. शैलश्रीनं माझ्याकडं डोळे मोठे करून बघितलं आणि म्हणाली, "मी तूप घालत होते. कोमट." अमरेश म्हणाला, "मी हळदीचं पाणी. एकदाच." मालक छताकडं बघत म्हणाले, "कांद्याचा रस." शैलश्रीनं जेवरगीला फोन लावला. हनुवटी म्हणाली, दिवाळीला आले होते तेव्हा हिंगाचा बोळा ठेवला होता की.

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. "मोहरी तेवढी राहिली," त्या म्हणाल्या. "कान हाय का कढई?"

मग विचारलं, आडवं झोपवून बाटलीनं दूध कोण पाजतं? त्यानंही कान पिकतो. सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. मी पंख्याकडं बघितलं. चांगला पंखा होता.

शैलश्रीनं भाषेचं विचारलं. त्या म्हणाल्या, दोन बोला, चार बोला, भाषेनं काही होत नाही. आधी ऐकू तर जाऊ दे.

"म्हणजे मी महिनाभर गप बसले ते फुकट?" मी म्हणलं.

"फुकट कामून?" मालक म्हणाले. "आमाला उपयोग झाला."

पडद्याला बारकी नळी बसवायची. पोराला भूल द्यावी लागणार. त्यानंतर ऐकू येईल असं त्या म्हणाल्या, बोलायला मात्र वेळ लागेल, महिने लागतील, धीर धरा. पाडव्यापर्यंत? असं मी विचारलं नाही. शैलश्रीनंही विचारलं नाही. दोघींनी एकाच वेळी विचारलं नाही.

४ मार्च, मंगळवार

हिरवा झगा घालून आत नेलं. झगा मोठा होता, पोरगं त्यात दिसत नव्हतं. दार लागेपर्यंत माझ्याकडं बघून तळहात गालाला लावत होतं. आत झोपवणार हे त्याला कुणीतरी खुणेनं सांगितलं असणार, म्हणून मला विचारायलंय, झोपायचं का? मी मान हलवली. हो म्हणून.

बाहेर बाकड्यावर शैलश्रीनं माझा हात धरला. कुणाचा हात आहे ते तिला कळलं होतं का नाही देव जाणे. मी सोडवला नाही. मालक आणि अमरेश समोरच्या भिंतीला टेकून उभ्यानं झोपले होते. सवयच लागली आहे.

८ मार्च, शनिवार

पोरगं जगाला घाबरायलंय.

कुकरची शिट्टी झाली, पलंगाखाली. कॅरीबॅग वाजली, पलंगाखाली. काल पापडीचा तुकडा तोंडात घातला, चावला आणि थांबला. इकडं बघितलं, तिकडं बघितलं, कुणी आवाज केला म्हणून. परत चावला. परत थांबला. एक पापडी खायला सकाळ गेली.

आणि मी. मी मागून म्हणलं, "मुत्तू." तो वळला. लगेच वळला! माझ्या आनंदाचं काय सांगू, मी जोरात म्हणलं, "माझ्या राजा!" तर दोन्ही कानांवर हात ठेवून भोकाड पसरलं.

आता मला कुजबुजावं लागतं. कुजबुजत माणसाला रागावता येत नाही, करून बघा. मालकांना हळूच "अक्कल हाय का" म्हणलं तर ते लाजले.

रात्री पोरगं आडवं झोपतं. आम्हाला झोप येत नाही. घरात एवढी शांतता कुणाला माहीत आहे? मालक उठून उठून बघतात, सगळं ठीक आहे ना.

१४ मार्च, शुक्रवार

निलम्मा नारळ घेऊन पुन्हा हजर. माझ्या मौनानंच पोराचे कान उघडले असं तिनं चिटगुप्प्यापर्यंत सांगून ठेवलंय. डॉक्टरीणबाईंचं नाव घेतलं तर म्हणते, ती निमित्त. आता तिच्या नवऱ्याची दारू सुटावी म्हणून मी आणखी महिनाभर गप बसावं म्हणे.

मी तिला काय म्हणलं ते डायरीतही लिहिता येत नाही. कुजबुजत म्हणलं, पण शेजारच्या घरातून हसल्याचा आवाज आला.

२९ मार्च, शनिवार

उद्या पाडवा.

पोरगं बोललेलं नाही. हाक मारली की वळतं, मांजराला ऊ करतं, पण शब्द म्हणाल तर नाही. सकाळी मी सुनेच्या खोलीत गेले तर पलंगावर बॅग उघडी. पोराचे कपडे घडी करून आत.

माझं कुजबुजणं गेलं. "भरलीस? ठरल्याप्रमाणं? एक दिवस बी जास्तीचा न्हाई?"

शैलश्रीनं घडी टाकली. "अत्ती, सणाला माहेरी जायला परवानगी लागते काय?" हे कन्नडात. आमच्या घरात भांडण असंच चालतं, मी मराठीत, ती कन्नडात. तशी सोय बरी पडते, प्रत्येकीला आपापले जोरदार शब्द मिळतात.

"सणाला का कायमची?"

"तुम्हीच ठरवा! तेल घालताना मला विचारलं होतं?"

"तू तूप घालताना मला विचारलं व्हतंस?"

"बाटली कोण पाजत होतं?"

"जाळीची टोपी कुणी आणली?"

आम्ही बरंच मागं गेलो. तिच्या बाळंतपणातल्या डिंकाच्या लाडूंपर्यंत गेलो. आवाज चढला. आणि दारात मुत्तू उभा.

मला वाटलं आता कानावर हात ठेवणार. दोघी एकदम गप झालो.

त्यानं माझ्याकडं बघितलं, तिच्याकडं बघितलं. मग येऊन आम्हा दोघींच्या मधे बसला आणि माझ्या तोंडावर हात ठेवला. झाकायला नाही. ओठ धरून उघडायला लागला. बंद पडलेला नळ उघडतात तसा.

मी म्हणलं, "लाडू खारट नव्हते." तो लगेच वळून आईकडं बघायला लागला.

"होते," ती कन्नडात म्हणाली. लगेच माझ्याकडं.

"न्हवते."

"होतेच."

पोरगं एवढं हसलं की मागं पडलं. उठलं, परत मधे बसलं आणि टाळी वाजवली, करा म्हणून. आम्ही केलं. वरणावर भांडलो, नळावर भांडलो, माझ्या कन्नडावर भांडलो, तिच्या मराठीवर भांडलो. विषय संपले. मी मालकांचे विषय काढले, तिनं अमरेशचे. ते दोघं दारात आले, काय झालं म्हणून, आणि आपली नावं ऐकून परत गेले.

घसा सुकला तेव्हा मी पाणी प्यायला उठले. आले तर शैलश्री बॅगेतले कपडे काढून कपाटात ठेवत होती. पोराचे आधी, मग स्वतःचे.

"कामून गं? सणाला जायची न्हाईस?"

"जेवरगीत माझ्याशी कोण भांडणार आहे, अत्ती?" ती म्हणाली, मराठीत. "तिथं सगळे माझंच ऐकतात."

मी हे मान्य केलं नाही. मी म्हणलं, तिचं ऐकणारी माणसं जेवरगीत काय, कुठंच नसतील. ती फणकाऱ्यानं वळली. मुत्तू सरकून आमच्या मधे येऊन बसला.